उजव्या खांद्यावर दोनदा

हॉरेस टिलमन बाकावर बसून बुटाची नाडी बांधत होता, तेव्हा इशिमोरी त्याच्या मागून गेले आणि जाता जाता त्यांनी त्याच्या उजव्या खांद्यावर हात ठेवला. ठेवला म्हणजे थापटला. दोनदा. "फार कष्ट घेतलेत," असं काहीतरी पुटपुटले आणि मैदानाकडे चालू लागले. टोपी नेहमीसारखी कपाळावर ओढलेली, हात पाठीमागे बांधलेले. एक श्वास घेऊन सोडायला लागतो तेवढाच वेळ. नाडी हॉरेसच्या बोटांत तशीच राहिली. पलीकडे दोन कॅचर कशावरून तरी खिदळत होते. कुणी पाहिलेलं दिसत नाही, असं त्याला वाटलं; आणि लगेच वाटलं, सगळ्यांनी पाहिलं, म्हणून तर असे हसताहेत. त्याने नाडीची गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली. सदतीस वर्षांच्या माणसाला बुटाची नाडी बांधता येऊ नये, हे काही बरं लक्षण नव्हतं.

इशिमोरी म्हणजे ओसाकातल्या नानिवा हेरॉन्स ह्या बेसबॉल संघाचे मुख्य. संघ गिरणीवाल्यांचा असला तरी मैदानावर शब्द चाले तो इशिमोरींचा, आणि तोही मोजका. चार वर्षांत त्यांनी कुणाला हात लावलेला हॉरेसने पाहिला नव्हता. दोन वर्षांपूर्वी संघ शेवटचा सामना जिंकला, पोरं एकमेकांच्या अंगावर उड्या मारत होती, तेव्हासुद्धा हे गृहस्थ पायरीवर ताठ उभे राहून टोपी काढून प्रेक्षकांना नमस्कार करत होते. इथे कुणीच कुणाला हात लावत नाही. दहा वर्षांनी स्टेशनवर भेटलेले दोघे सख्खे भाऊ हातभर अंतरावरून कमरेत वाकतात आणि हवापाण्याचं बोलतात. अमेरिकेहून आलेल्या हॉरेसला पहिल्या वर्षी ते बघून पोटात तुटायचं. आता सवय झाली होती, उलट आवडायला लागलं होतं. ज्याला जन्मभर लोकांनी न विचारता ढकललं त्याला हे हातभर अंतर फार मोलाचं वाटतं. आणि आज इशिमोरींनी ते अंतर ओलांडलं होतं. तेही चेंडू टाकणाऱ्याच्या, पिचरच्या, उजव्या खांद्यावर, जिथे हात लावायला डॉक्टरसुद्धा आधी परवानगी मागतो.

खांदा थापटणे. हा शब्द त्याला दुभाष्या कुवाहाराने शिकवला होता, दोन उन्हाळ्यांपूर्वी. कुवाहारा पंधरा वर्षांचा होईपर्यंत सिअ‍ॅटलला वाढलेला, पन्नाशीचा, सडपातळ, दोन्हीकडची भाषा बोलणारा आणि दोन्हीकडच्यांना नावं ठेवणारा माणूस. तिसऱ्या बेसवरचा साकुमा तेव्हा उतरणीला लागला होता. एका सकाळी कचेरीतला कुणीसा येऊन साकुमाच्या शेजारी उभा राहिला, त्याच्या खांद्यावर हात ठेवून हसत हसत काहीतरी म्हणाला आणि गेला. "हे बघितलंस?" कुवाहारा म्हणाला. "साकुमाचं संपलं." हॉरेस म्हणाला, तो तर हसत होता. "मग काय रडत सांगेल? गिरणीत, कचेरीत, सगळीकडे ह्याला खांदा थापटणे म्हणतात. तोंडाने कुणी काढून टाकत नाही इथे. खांदा थापटायचा, आणि शहाण्याने काय ते समजून घ्यायचं. पण आपला साकुमा पडला शुंभ. त्याला वाटेल, विचारपूस केली." साकुमाला खरंच तसं वाटलं. तो हंगाम संपेपर्यंत रोज सगळ्यांच्या आधी येऊन धावत राहिला, आणि नोव्हेंबरात त्याच्या घरी टपालाने चार ओळींचं पत्र आलं. निरोपाचा सामना नाही, पोरांना शिकवायचं काम नाही, काही नाही. आता तो बाजारपेठेच्या तोंडाशी मेहुण्याच्या दुकानात छत्र्या दुरुस्त करतो. हॉरेस त्या रस्त्याने जायचं टाळतो.

सराव दुपारी संपला. हॉरेसने साठ चेंडू टाकले आणि प्रत्येक चेंडूमागे इशिमोरींकडे पाहिलं. ते पाहत नव्हते. मग एकदा पाहत होते, तेव्हा हॉरेसने नजर खाली घेतली. पंचेचाळिसाव्या चेंडूला खांद्यात ती ओळखीची कळ आली, आत कुठेतरी कापड उसवल्यासारखी, आणि त्याने तोंडावरची सुरकुती हलू दिली नाही. यंदा त्याच्या नावावर नऊ विजय होते, अकरा पराभव. वाईट नव्हतं. चांगलंही नव्हतं. चौतीस वर्षांच्या माणसाला चाललं असतं. कागदोपत्री तो चौतीसचाच होता. तिकडे अमेरिकेत बर्मिंगहॅममध्ये असताना एका हितचिंतकाने सांगितलं होतं की वयातली तीन वर्षं रस्त्यात पाडून टाक, कुणी उचलायला येत नाही, आणि त्याने ती पाडली होती. आता त्याला वाटत होतं की ती तीन वर्षं कुणीतरी उचलून इशिमोरींच्या टेबलावर नेऊन ठेवली आहेत.

कुवाहाराला विचारलं असतं तर पाच मिनिटांत काय ते कळलं असतं. पण हा पितरांचा आठवडा. कालव्याच्या बांधावर ती लाल, पानांवाचून उगवणारी फुलं ओळीने उभी राहिली होती, आणि निम्मं शहर आपापल्या गावी जाऊन थडगी धूत होतं. कुवाहारा वाकायामाच्या डोंगरात बापाच्या थडग्याला पाणी घालायला गेला होता, तो गुरुवारी संध्याकाळी येणार. आणि गुरुवारी सकाळी गिरणीच्या कचेरीत बैठक होती, पुढच्या वर्षी कोण राहणार आणि कोण जाणार त्याची. आज मंगळवार. म्हणजे जे करायचं ते उद्या, आणि एकट्याने. कालव्याच्या काठाने घरी चालताना हॉरेसने हा हिशेब इतक्यांदा केला की समोरून आलेल्या बाईने वाकून नमस्कार केलेला त्याला दिसलाच नाही. ती गेल्यावर लक्षात आलं आणि तो मागे वळून तिच्या पाठीला वाकला.

तिकडे त्याच्या देशातही खांदे थापटायचे, नाही असं नाही. जुन्या संघाचा म्हातारा मुख्य, ज्याला सगळे डीकन म्हणत, तो प्रत्येक डाव संपला की येऊन अशी सणसणीत थाप मारायचा की दात वाजायचे. ती शाबासकी असे. तो संघ मोडक्या बसमधून रात्रंदिवस हिंडायचा. ज्या गावात खेळायचं त्या गावात काळ्यांना आत घेत नसत म्हणून जेवायला खानावळीच्या मागच्या खिडकीशी उभं राहायचं, आणि बिछाना मिळाला तर मिळाला. डीकनची थाप आठवली की त्या बसमधला रॉकेलचा आणि घामाचा वास नाकात येई. पण आणखीही हात होते. खेळाआधी शकुन म्हणून त्याचा खांदा चाचपून बघणारा मैदानाचा गोरा मालक, घोड्याचा बघावा तसा. एका स्टेशनवर मागून येऊन खांद्यावर पडलेला पोलिसाचा हात, त्यानंतरची रात्र. हॉरेसने डीकनची थाप क्षणभर इशिमोरींच्या हाताशी जुळवून पाहिली आणि स्वतःवरच चिडला. इशिमोरींना काय ठाऊक डीकन? अख्ख्या ओसाकात त्यांच्याइतका जुन्या वळणाचा माणूस सापडायचा नाही. घरी अजून टेबल-खुर्ची नाही म्हणतात. हॉरेसला चार वर्षांत एक गोष्ट जमली होती, आणि तिचा त्याला चेंडू टाकण्यापेक्षा जास्त अभिमान होता. इथले लोक जे बोलत नाहीत ते त्याला ऐकू यायला लागलं होतं. आणि ऐन वेळी आपल्याला हवं ते ऐकायचं, साकुमासारखं? ते नाही.

तीन वाजता तो नेहमीसारखा गल्लीतल्या सार्वजनिक स्नानगृहात गेला. पहिल्या वर्षी तो त्या गरम पाण्यात उतरला तेव्हा दोघे म्हातारे मुकाट्याने उठून गेले होते, आणि तिसरा, चटया विणणारा हाताडा, तसाच बसून म्हणाला होता, "बसा हो. रंग सुटत नाही, मी बघतोय मघापासून." तेव्हापासून हाताडा त्याचा दोस्त. आजही तो गळ्यापर्यंत पाण्यात बसला होता, डोक्यावर घडी केलेला पंचा.

"या, चिरुमान-सान," हाताडा म्हणाला. टिलमनरावांचं इथल्या जिभांवर चिरुमान-सान झालं होतं; आता त्याला टिलमन म्हणून कुणी हाक मारली तर क्षणभर तो वळायचा नाही. "चेहरा असा का? बायको पळाली म्हणावं तर ती नाहीच."

"काही नाही. दमलो."

"दमायचे दिवसच आहेत. हंगाम संपत आला." हाताडाने पंचा पिळून पुन्हा डोक्यावर ठेवला. "मग यंदा थंडीत काय बेत? घरी जाणार?"

हॉरेस पाण्यातून अर्धा वर आला. "घरी म्हणजे?"

"म्हणजे अमेरिकेला हो. आईबाप असतील, कुणी असेल."

"तुम्हाला कुणी काही सांगितलं का?"

"मला कोण सांगणार राव? मी चटया विणतो." हाताडाने त्याच्याकडे जरा निरखून पाहिलं. "दर वर्षी विचारतो की मी. दर वर्षी तुम्ही नाही म्हणता. आज तेवढं अंगावर का घेताय?"

खरंच हा दर वर्षी विचारत होता की काय, ते हॉरेसला आठवेना. घरी. बर्मिंगहॅमहून बहिणीचं, व्हर्नाचं, पत्र ऑगस्टात आलं होतं. तुमचा जुना संघ मोडला, तिने लिहिलं होतं, मैदानावर आता जुन्या मोटारी विकायला लावून ठेवतात. शेजारच्या शहरात, गोऱ्यांसाठी जागा सोडावी लागते म्हणून, आपले लोक बसमध्ये बसायचं सोडून गेले आठ महिने पायी चालताहेत, म्हाताऱ्या बायकासुद्धा. तू इथे हवा होतास. ते शेवटचं वाक्य त्याने किती वेळा वाचलं असेल. त्यात टोमणा होता का माया, हे त्याला इतक्या वर्षांच्या बहिणीचं कळेना, आणि इशिमोरींचं मात्र सगळं कळत होतं. ज्या वर्षी तिकडच्या गोऱ्यांच्या मोठ्या संघांनी आपल्यातला पहिला माणूस घेतला त्या वर्षी हॉरेस अठ्ठावीसचा होता. माणसं पाठवून त्यांनी सगळे संघ चाळले, कोवळे तेवढे उचलले. त्याच्याच संघातला बावीस वर्षांचा कॅचर गेला. हॉरेसचे बारा चेंडू बघून त्यांच्यातला एकजण म्हणाला होता, पाच वर्षांपूर्वी भेटायला हवं होतंस. जसं काही पाच वर्षांपूर्वी तो कुठे लपून बसला होता. तेव्हा गेलाच तर तिकडे करायचं काय? बापासारखं ओतशाळेत फावडं धरायचं, आणि पायी चालणाऱ्यांच्या मागून आपणही चालायचं. चालला असता तो, भ्याला नसता. पण इथे गल्लीच्या तोंडाशी एका फाटकावर त्याच्या नावाची लाकडी पाटी होती. ती त्याला सोडवत नव्हती, आणि ह्याची त्याला लाज वाटत होती, आणि तरीही ती सोडवत नव्हती.

त्या फाटकातलं घर हिसानो मावशीचं. सगळी गल्लीच तिला मावशी म्हणायची. साठीची, ठेंगणी, लढाईत अमेरिकन विमानांनी शहर जाळलं त्या मार्चमध्ये नवरा आणि घर दोन्ही गमावलेली. त्याला खोली द्यायची म्हटल्यावर शेजारणींनी कुजबूज केली तेव्हा ती म्हणाली होती, "विमानात हा नव्हता. मी विचारलंय." विचारलं खरंच होतं तिने, पहिल्याच दिवशी, कुवाहाराकडून. संध्याकाळी तिने त्याच्यापुढे पितरांच्या आठवड्याचे ते भाताचे लाडू ठेवले, गोड पुरणात लपेटलेले. त्याने एक उचलला आणि हातात तसाच धरून ठेवला.

"बिघडलेत का?" मावशी म्हणाली.

"नाही. मावशी, एक विचारू? माझं साल तुम्ही कुणाला सांगितलं?"

पहिल्या थंडीत शेगडीशी बसून तिने त्याला विचारलं होतं, तुमचं जन्मसाल कुठल्या जनावराचं, आणि बारा जनावरांचा तो हिशेब ठाऊक नसल्यामुळे त्याने खरं साल सांगून टाकलं होतं. मेंढीचं, असं तिने बोटांवर मोजून सांगितलं. संघाच्या कागदांवर तो कुत्र्याच्या सालचा, म्हणजे तीन वर्षांनी धाकटा होता.

"मी?" मावशी चमकून म्हणाली. "मासेवालीपासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांना मी तुम्ही कुत्र्याच्या सालचे म्हणूनच सांगत आले. चार वर्षं. देवळातसुद्धा तुमच्या नावाने चिठ्ठी बांधते ती कुत्र्याची बांधते. देव काय म्हणत असेल."

म्हणजे तिला पहिल्यापासून कळलं होतं. त्याने लाडू तोंडात घातला, म्हणजे बोलावं लागू नये. मावशी त्याच्या खांद्याकडे बघत होती. "दुखतोय?" तिने विचारलं. "नाही," तो म्हणाला, "तिथे दुखत नाही." तिने पुढे विचारलं नाही. इथे तसं कुणी विचारत नाही, आणि पहिल्यांदाच त्याला वाटलं, विचारलं असतं तर किती बरं झालं असतं.

साकुमाच्या त्या उन्हाळ्यात कुवाहाराने आणखी एक गोष्ट सांगितली होती, आणि रात्रभर कूस बदलताना हॉरेस तिच्याभोवती फिरत होता. "शहाणा माणूस थापेनंतर वाट बघत बसत नाही," कुवाहारा म्हणाला होता. "स्वतःच राजीनामा लिहून नेतो आणि साहेबांपुढे ठेवतो. साहेब तो परत सरकवतो. असं काय करता, म्हणतो. आपण पुन्हा पुढे करायचा. तो पुन्हा सरकवतो. तिसऱ्यांदा ठेवून घेतला तर संपलं. पण मग अब्रूने संपतं. निरोपाचा सामना देतात, कुठेतरी पोरं शिकवायला ठेवतात. आणि तिसऱ्यांदाही सरकवला, तर समज साहेबाचा विचार बदलला, अजून वर्षभर निश्चिंत." म्हणजे राजीनामा हा राजीनामा नसतोच, हॉरेस म्हणाला होता, तो विचारायचा मार्ग असतो. कुवाहारा मान हलवून म्हणाला, "चला, तुला आता इथे मरायला हरकत नाही." तेव्हा दोघे खूप हसले होते. आता पहाटेच्या उजेडात हॉरेसला ती एकच वाट दिसत होती. न विचारता बसलो तर साकुमा. विचारलं तर तीनदा सरकवण्याची आशा. आणि नाहीच सरकवलं, तरी जन्मात एकदा तरी दार दुसऱ्याने तोंडावर लावण्याआधी आपण होऊन उठलो, एवढं तरी राहील.

बुधवारी नऊ वाजता तो वॉर्डाच्या कचेरीसमोर मिनोबेच्या टपरीत जाऊन बसला. मिनोबे अर्ज लिहून द्यायचा. घराचे, लग्नाचे, परवान्याचे, भाऊबंदकीचे. जाड भिंगांचा चष्मा, बोटांना कायमची शाई.

"चिरुमान-सान," त्याने चष्मा वर करून पाहिलं. "गेल्या रविवारी सातव्या डावात तुम्ही त्या डावखुऱ्याला सरळ चेंडू का टाकलात? पैजेत माझं जेवण गेलं."

"चुकलं."

"बरं, चुकलं म्हणताय तर सोडलं. काय लिहू?"

"राजीनामा."

मिनोबेचा कुंचला दौतीवरच थांबला. "असं आहे होय," तो म्हणाला. "कारण काय लिहायचं?"

"काय लिहितात?"

"वैयक्तिक अडचण. सगळे तेच लिहितात. बरं असतं ते, त्यात सगळं मावतं. माझ्या साडूने तेच लिहिलं होतं. मी सांगितलं त्याला, आणखी एक ओळ घाल आजारपणाची, पण ऐकेना." लिहिता लिहिता तो थांबला. "खांदा थापटला का हो तुमचा?"

हॉरेसने मान डोलावली.

"मग बरोबर आहे," मिनोबे म्हणाला आणि हळू, सुरेख अक्षरात पुढे लिहू लागला. त्याच्या त्या 'बरोबर आहे'ने हॉरेसच्या मनातला शेवटचा संशय फिटला. इथला माणूस बरोबर म्हणतो आहे, म्हणजे आपण चुकलो नाही. भीती होतीच, पण तिच्या आत कुठेतरी त्याला चक्क अभिमान वाटत होता.

इशिमोरींची खोली मैदानाच्या मागच्या बाजूला, प्रेक्षकांच्या पायऱ्यांखाली. टेबल, दोन खुर्च्या, पत्र्याचं कपाट, खिडकीबाहेर गिरणीचं धुराडं. कुवाहारावाचून त्या खोलीत हॉरेस पहिल्यांदाच येत होता. इशिमोरी उठून उभे राहिले, तेही जरा गोंधळलेले दिसले. हॉरेसने रस्त्यात घोकलेली वाक्यं ओळीने म्हटली, कामात व्यत्यय आणल्याबद्दल क्षमा मागितली, आणि पांढरा लिफाफा दोन्ही हातांनी टेबलावर ठेवून त्यांच्या बाजूला सरकवला. मग हात मांडीवर ठेवून बसला. आता ते वाचतील. आता सरकवतील. एकदा, दोनदा.

इशिमोरींनी पत्र काढलं, वाचलं, पुन्हा वाचलं. त्यांच्या तोंडावरचा रंग हळूहळू उतरला. मग त्यांनी पत्र घडीवर घडी नीट घालून लिफाफ्यात ठेवलं, आणि लिफाफा उचलून आपल्या बाजूचा खण उघडून आत ठेवला. खण बंद केला.

हॉरेस टेबलाच्या रिकाम्या फळीकडे बघत राहिला.

"काल मला तुमच्याशी बोलायचं होतं," इशिमोरी म्हणाले. त्याला समजावं म्हणून ते एकेक शब्द सुटा सुटा बोलत होते. "गिरणीवाले नको म्हणत होते. मी भांडून तुमच्यासाठी आणखी दोन वर्षं मागून घेतली. उद्याच्या बैठकीत नुसती सही व्हायची. तुम्हाला आधी कळावं असं वाटत होतं, पण उद्याच्या आधी तोंडाने सांगायची मला परवानगी नव्हती. म्हणून कुवाहारांना गावी जाण्याआधी विचारून ठेवलं होतं, तुमच्याकडे माणसाला शाबासकी कशी देतात. ते म्हणाले, खांद्यावर थापटायचं. आमच्याकडे त्याचा अर्थ भलताच होतो, पण तुम्ही अमेरिकन, तुम्हाला तो कुठून ठाऊक असणार." त्यांनी ओशाळून आपल्या तळहाताकडे पाहिलं. "घरी उशीवर करून पाहिलं मी. बायको हसली. जमलं की नाही कोण जाणे."

दोन वर्षं. हॉरेसला शब्द सगळे कळत होते, हेच वाईट होतं.

"आमच्यातल्या कुणी हा कागद आणला असता," इशिमोरी म्हणाले, "तर मी तो परत दिला असता. दहा वेळा दिला असता. आमची ती रीतच आहे, तुम्हाला गंमत वाटेल. आम्ही एक लिहितो आणि दुसरं मनात असतं. पण तुम्ही लोक तसे नाही. अमेरिकन माणूस जे म्हणतो तेच त्याच्या मनात असतं, कुवाहारा नेहमी सांगतात. तेव्हा परत सरकवून तुमचा अपमान करायचा नाही, असं मी ठरवलं." त्यांचे डोळे लाल झाले होते. "घरची ओढ कुणाला नसते. चार वर्षं तुम्ही परक्या मुलखात राहून आमच्यासाठी इतकं केलंत."

"नाही," हॉरेस घाईने म्हणाला. "नाही, तसं नाही. तसं मुळीच नाही."

ते त्याने जीव तोडून म्हटलं होतं. पण हेच शब्द, ह्याच क्रमाने, इथला प्रत्येक सभ्य माणूस कुणी कौतुक केलं की म्हणतो. आणि ते म्हणताना त्याची मान सवयीने खाली गेली होती. इशिमोरींच्या चेहऱ्यावर त्या दुःखातही हसू उमटलं. "बघा," ते म्हणाले, "नम्रपणासुद्धा आता अगदी आमच्यासारखा. तुमचं जपानी किती सुंदर झालंय, मला कल्पनाच नव्हती. आपण आधीच असं बोलायला हवं होतं."

हॉरेस शब्द शोधत होता. भाजी मागायचे शब्द त्याला येत होते, क्षमा मागायचे सतरा प्रकार येत होते, पावसाबद्दल, पाण्याच्या कढतपणाबद्दल, दुसऱ्याच्या मुलांच्या प्रकृतीबद्दल तो तासभर बोलू शकला असता. मला राहू द्या, हे मात्र त्याने इथे कधी कुणाला म्हटलं नव्हतं. आठवून पाहिलं तर तिकडेही नव्हतं म्हटलं. तिकडे म्हणून उपयोग नसे, इथे म्हणायची पाळी आली नव्हती. तेवढ्यात इशिमोरींची खुर्ची सरकली, तसा हॉरेसही उठून उभा राहिला. इशिमोरी टेबलाला वळसा घालून त्याच्यासमोर येऊन उभे राहिले आणि कमरेतून वाकले. मैदानावर प्रेक्षकांपुढे वाकत त्याहूनही खाली. त्यांचं विरळ केसांचं डोकं त्याच्या पोटापाशी आलं. वाकलेल्या माणसापुढे ताठ उभं राहता येत नाही. हॉरेसही वाकला. खाली लाकडी जमीन होती, खिळ्यांच्या बुटांनी टोचटोचलेली, आणि त्या जमिनीकडे बघत त्याने ते शेवटी म्हटलं, तोंडाला येईल त्या भाषेत, आईच्या भाषेत: मला जायचं नाहीये. मला इथेच राहायचंय. मी फक्त विचारत होतो.

इशिमोरींना इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता. त्यांनी सगळं शेवटपर्यंत नीट ऐकून घेतलं आणि पुन्हा एकदा वाकले.